फौजदारांना घाई नव्हती

चोरी झाली की पोलीस फिरकत नाहीत, अशी सगळ्या जगाची तक्रार असते. आमच्याकडे उलटं झालं. पोलीस आले, आणि मग वर्षभर येतच राहिले. शेवटी शेवटी तर आमच्या कुत्र्याने त्यांच्यावर भुंकणं सोडून दिलं आणि ती सगळी ताकद पोस्टमनवर लावली.

पोलीस म्हणजे एकच माणूस. लातुरात आमच्या भागातल्या ठाण्याचे फौजदार. मूळचे देगलूरकडचे. त्यांची मराठी सकाळी मराठी असायची, दुपारपर्यंत तिच्यात तेलुगू शिरायची, आणि थकले की सगळा कारभार दखनी हिंदीत चालायचा. मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईला ते अम्मा म्हणायचे. रागावले की मात्र एकदम शुद्ध, पुस्तकी बोलायचे. त्यांच्या तोंडून ‘कृपया’ हा शब्द निघाला की ठाण्यातले शिपाई मागच्या दाराने पसार होतात, असं आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

वर्दी कडक इस्त्रीची, मिशी तेल लावून बसवलेली, आणि बूट दारात काढले की खाली दोन रंगांचे मोजे. पहिल्या दिवशी आत येण्याआधी ते आमच्या दारातल्या चपलांकडे इतका वेळ बघत उभे राहिले, की मला वाटलं चपलाच चोरीला गेल्यात अशी त्यांची समजूत झालीय. मग आत येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, डावा गुडघा दाखवून घ्या, चप्पल एकाच बाजूने झिजलीय. गुडघा खरंच दुखत होता. ह्यांनी तो मलासुद्धा सांगितला नव्हता. घरातली पहिली चोरी अशी तिथल्या तिथे उघडकीला आली.

ठाण्याच्या मागच्या अंगणात जप्त केलेल्या गाड्या गंजत पडलेल्या असतात, कोर्टाच्या निकालाची वाट बघत. फौजदारांनी तिथल्या एका जीपवर दोडक्याचा वेल चढवला होता आणि एका रिक्षात कोथिंबीर पेरली होती. फिर्यादी वैतागून परत निघाला की त्याच्या हातात दोन दोडके द्यायचे. कोणी बिचकलं तर म्हणायचे, “घ्या हो. जीप कोर्टात हाय, दोडका न्हाई.”

आता चोरीचं सांगते.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठेचे चांदीचे मुखवटे, आणि दोघींच्या मध्ये चांदीचं बाळ. नारळाएवढं, गुबगुबीत, सासूबाईंच्याही सासूबाईंच्या काळातलं. त्याला नवी कुंची शिवायची, काजळाचं बोट लावायचं, हे सासूबाईंचं दरवर्षीचं काम. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या उतरवायला घेतल्या. फुलोरा काढला, फराळाची ताटं सरकवली, साड्या सोडल्या, आणि बाळ नाही. कधी गेलं, कोणी सांगू शकेना. जेवणाच्या दिवशी अर्धी गल्ली येऊन गेली होती.

सासूबाईंचा निकाल मात्र तयार होता. स्वयंपाकाच्या सुमनबाई. कितीतरी वर्षं आमच्याकडे महालक्ष्म्यांचं पुरण घालणाऱ्या. त्या वर्षी पंगती उठायच्या आधीच भरलेली पिशवी घेऊन घाईघाईने निघाल्या होत्या. सासूबाईंनी फौजदारांना सांगितलं, “तिला उचला. दोन फटक्यांत कबूल होईल.”

फौजदार भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, “अम्मा, उचलायला काय लागतं? गाडी पाठवली की झालं. पण एकदा पोलिसाच्या गाडीत बसलेली बाई गल्लीनं परत कधी खाली उतरवलेली तुम्ही बघितली का?”

सासूबाईंनी बघितली नव्हती. पण त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं, बाळ हवं होतं.

फौजदारांनी दोन्ही मुखवटे हातात घेऊन तोलून बघितले आणि परत ठेवले. ज्याला चांदी पाहिजे तो आयांना सोडून लेकराला का नेईल, एवढंच पुटपुटले. मग त्यांनी जी चौकशी सुरू केली, तशी मी कुठल्याही सिनेमात पाहिली नाही. ते कोणाला वेळ विचारायचेच नाहीत. काय खाल्लं, ते विचारायचे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस घड्याळाचं खोटं बोलतो, पण जेवणाचं बोलू शकत नाही, आणि मराठवाड्यातला माणूस तर मुळीच नाही. तुम्ही आलात तेव्हा आंबील वाढून झाली होती का? कढी पडवळाची होती ना, मीठ कसं होतं? तेव्हा बाळाच्या अंगावर कुंची कुठल्या रंगाची होती? गल्लीतल्या बायका जबाब द्यायला आल्या आणि पाककृती सांगून गेल्या. सासूबाईंनी तर त्या दिवसाची एकेक भाजी, एकेक अपमान सांगितला. पाटलीणबाई कशा पुरण न घेता उठल्या. पोटच्या लेकीनेसुद्धा नांदेडला सासरी निघताना करंज्यांचा बांधलेला डबा कसा परत ठेवला, म्हणे पिशवीत जागा नाही. फौजदार मान हलवत सगळं लिहून घेत होते. सासूबाईंचं इतकं मन लावून याआधी कोणी ऐकलं नव्हतं. त्या रागातही खूश होत्या.

आम्हाला वाटलं, आता आठवड्याभरात निकाल. पण महालक्ष्म्या येतात गणपतीच्या दिवसांत. दुसऱ्याच दिवशी फौजदार विसर्जनाच्या बंदोबस्ताला गेले. ते संपतं न संपतं तोच नवरात्र. मग निलंग्याकडे एक खून झाला, तिकडे. मग कुठल्याशा मंत्र्यांचा दौरा. मध्येच कधीतरी मोटारसायकल दारात थांबायची, बूट निघायचे, दोन रंगांचे मोजे आत यायचे, आणि सासूबाईंनी विचारायच्या आत उत्तर यायचं, “तपास चालू हाय, अम्मा.”

“चालू हाय का बसून हाय?” सासूबाई विचारायच्या.

समोरच्या कापड दुकानाच्या कॅमेऱ्यावर आमची फार आशा होती. त्यातलं चित्रण तपासायला बाहेरगावी प्रयोगशाळेत गेलं. तिथे म्हणे रांग असते. आमच्या बाळाच्या पुढे खून, दरोडे आणि विषबाधा उभ्या होत्या. थंडी संपत आली तेव्हा अहवाल आला. फौजदारांनी तो आम्हाला वाचून दाखवला, चेहरा अजिबात न हलवता. गणेश मंडळाने त्या कॅमेऱ्याच्या पुढ्यात वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. त्यामुळे तिन्ही दिवस, अहोरात्र, चित्रणात फक्त एक भावी नगरसेवक हात जोडून हसत होते. आमचे हे म्हणाले, निदान एक संशयित तरी मिळाला. सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सुमनबाईंचं म्हणणं असं होतं, की त्यांच्या स्वतःच्या गावाकडच्या घरी, निलंग्याच्या अलीकडे, महालक्ष्म्या होत्या. नैवेद्य खोळंबला होता म्हणून त्या शेवटची एसटी धरायला पळाल्या, आणि पिशवीत पुरण होतं. हे खरं की खोटं, ते त्या एसटीचा कंडक्टर सांगू शकला असता. त्याची तोवर दुसऱ्या डेपोत बदली झाली होती. फौजदार त्याच्या मागावर दोनदा गेले. एकदा तो रजेवर, एकदा ड्युटीवर.

इकडे सुमनबाईंचं काय चाललं होतं, ते मी बघत होते. आमच्याकडचं काम तर सुटलंच, पण गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही एकेक करून त्यांना नको सांगितलं. कोणी चोर म्हणालं नाही. सून आता स्वतःच करते म्हणाली, डॉक्टरांनी तेल बंद केलंय, असंच काहीबाही. एकदा भाजी मंडईत भेटल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “ताई, धरून नेलं असतं ते बरं झालं असतं. निदान सुटले तरी असते.”

ते वाक्य मी फौजदारांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पोलीस ठाण्याचा जेवणाचा डबा सुमनबाईंकडून जायला लागला. सासूबाई रिक्षा करून ठाण्यात गेल्या. चोराच्या हातचं खाता, लाज वाटत न्हाई का, असं त्यांनी भर ठाण्यात विचारलं. फौजदारांच्या पुढ्यात त्याच डब्यातली मेथीची भाजी होती. ते म्हणाले, संशयितावर रोज नजर ठेवावी लागते, आणि रोज नजर ठेवायला रोज भेटावं लागतं. मग भाकरी मोडून पुढे म्हणाले, नजर ठेवून ठेवून माझं वजन वाढलंय.

सासूबाई तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या. मी बरोबर होते. साहेबांनी फौजदारांना बोलावून घेतलं. फौजदार आले ते दोन्ही हातांत फायली घेऊन, हनुवटीने वरची फाइल दाबून धरत. त्यांनी त्या टेबलावर एकेक मांडल्या. हा निलंग्याचा खून. हा हायवेवर उडवून गेलेला ट्रक, तिकडे दोन लेकरं बिगरबापाची झाली. ही एक शाळेतली पोर, क्लासला गेली ती घरी आली नाही. आणि हे आपलं बाळ.

“मी एकटा माणूस हाय, अम्मा,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा, ह्यातलं कोण मागं सारू?”

सासूबाई फायलींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्या पोरीच्या फाइलला बोट लावलं. किती वर्षांची हाय, विचारलं. सांगितल्यावर पदर डोक्यावर ओढून उठल्या आणि म्हणाल्या, “आधी हिचं बघा.” ती मुलगी पुढे हैदराबादला सापडली, सुखरूप. ते सांगायला फौजदार मुद्दाम घरी आले. सासूबाईंनी साखर वाटली. पण सुमनबाईंचं नाव घेतलं की परत पहिल्यासारख्याच.

त्यानंतर फौजदार नांदेडला एका मोठ्या धार्मिक सोहळ्याच्या बंदोबस्ताला गेले. परत आल्यावर एक नवल घडलं. गल्लीत हळदीकुंकवाच्या बायका जमल्या होत्या, तेव्हा ते वर्दीत आले, अंगणातच उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की कंडक्टर सापडला, त्या बाईने त्याला एसटीत पुरणाचा घास दिला होता. स्वयंपाकाच्या बाईचा ह्या चोरीशी काही संबंध नाही. सासूबाईंनी विचारलं, मग कोणाचा?

“तपास चालू हाय.”

बायकांनी माना हलवल्या. पण गल्लीचा कायदा वेगळा असतो. चोर सापडेपर्यंत जुना संशय कोणी टाकून देत नाही. जुन्या कपड्यासारखा घडी करून ठेवतात, लागला तर. डब्याचं खाऊन पोलीस फितले, असंही कोणीतरी म्हणालंच. सुमनबाईंना परत कोणी कामाला बोलावलं नाही.

मग उन्हाळ्यात आमच्या घरी आनंदाचा स्फोट झाला. आमच्या वन्सं, ह्यांची धाकटी बहीण, त्याच नांदेडच्या, लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर त्यांना दिवस गेले होते. सगळे डॉक्टर झाले होते, सगळे देव झाले होते. चाळिशी जवळ आली तसा घरात तो विषयच काढायचा नाही असं ठरून गेलं होतं. त्यांनीही पाच महिने होईपर्यंत आईलासुद्धा कळवलं नव्हतं. बाळंतपणाला त्या माहेरी आल्या. त्यांची बॅग मी रिकामी करायला घेतली. साड्यांच्या खाली काहीतरी जड लागलं. कुंची घातलेलं. गुबगुबीत.

कुंची सरकवून बघितलं, तर आमचं चांदीचं बाळ.

आमच्या भागात एक जुनी समजूत आहे. जिला मूल नाही तिने महालक्ष्म्यांमधलं बाळ कोणाच्या नकळत उचलून न्यावं, पोटच्या पोरासारखं सांभाळावं, आणि पाळणा हलला की पुढच्या महालक्ष्म्यांना वाजतगाजत परत आणावं. मध्ये कोणाजवळ बोललं की फळ गेलं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. सासूबाईंनीच मला सांगितली होती. पण वन्सं आणि मूल हे दोन शब्द आम्ही एकत्र उच्चारणं इतकं पक्कं बंद केलं होतं, की ती गोष्ट आठवायचीही बंद झाली. चोर शोधायला आम्ही पोलीस आणले, कॅमेरे धुंडाळले, आणि आमच्याच घरातल्या मूल नसलेल्या बाईकडे एकदाही बघितलं नाही.

वन्संनी माझे हात धरले. काही बोलल्या नाहीत. मीही बॅगेची चेन लावली. पुढचे महिने चोरीचा माल आमच्याच घरात, सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या कपाटात होता, आणि अलीकडे बसून सासूबाई पोलीस खात्याचा उद्धार करत होत्या. नाटक पाहायला मला तिकीट काढावं लागलं नाही.

फौजदार आले. वन्संकडे बघून त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, “ताई, काय खावंसं वाटतं?” आणि वन्सं रडायलाच लागल्या. मी फौजदारांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तुम्हाला ठाऊक होतं, असं मी म्हटलं. ते बूट घालत राहिले. मग म्हणाले, “करंज्यांचा डबा ठेवून जाणारी माहेरवाशीण मी अजून बघितली न्हाई, वहिनी. तरी खात्री नव्हती. नांदेडात जबाब घ्यायला म्हणून गेलो, तर लेकरू नसलेल्या घरात दोरीवर कुंची वाळत होती.”

त्यांनी विचारायच्या आतच वन्संनी सगळं सांगितलं होतं. तेव्हा त्यांना नुकतेच दिवस गेले होते, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून बजावलं होतं. सुमनबाईंवर आळ आलाय हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. माहेरून कोणी कळवलं नव्हतं. ते ऐकून त्या तशाच लातूरला यायला निघाल्या होत्या. फौजदारांनी थांबवलं. बाईचं नाव मी पुसतो, तुम्ही पलंगावर राहा, म्हणाले.

“आणि हे नियमात बसतं?” मी विचारलं.

फौजदार एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, “कृपया हा प्रश्न मला विचारू नये.” आणि किक मारली.

मुलगी झाली. बारसं झालं. आणि भाद्रपद आला. आवाहनाच्या संध्याकाळी सासूबाई मुखवटा हातात घेऊन उंबऱ्यातून आत निघाल्या, हळदीकुंकवाच्या पावलांवरून, ताट वाजवत आम्ही मागे. त्यांनी वळून पाहिलं. मागून वन्सं येत होत्या. एका हातावर लेक, दुसऱ्या हातावर चांदीचं बाळ, दोघांना एकाच कापडाच्या कुंच्या. मुखवटा वाटेत खाली ठेवायचा नसतो. सासूबाईंना ना लेकीला जवळ घेता येईना, ना डोळे पुसता येईनात. त्या तशाच, हुंदके देत, मखरापर्यंत चालत गेल्या. मुखवटा बसवला, आणि मग पहिलं वाक्य बोलल्या, “सुमनला कोण सांगंल आता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनाच माहीत. एकाच रिक्षातून परत आल्या. सुमनबाई आमच्या घरात आल्या, पण सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत, पाहुण्या बायकांच्या रांगेत, खुर्चीवर बसल्या.

पाट मांडले होते, तेवढ्यात फौजदार कागद घेऊन हजर. माल मिळाला तर पंचनामा करावा लागणार, बाळ ताब्यात घेऊन कोर्टातून सोडवावं लागणार, मग गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टाला अहवाल जाणार. ह्यांनी विचारलं, त्याला किती वेळ लागेल? सासूबाई म्हणाल्या, “लागू द्या. पण लेकरू नैवेद्य झाल्यावर न्या.”

ते कबूल झालं. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. एक शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक झाले. फौजदार म्हणाले, “आणखी एक प्रतिष्ठित माणूस पाहिजे, अम्मा. शोधा.” आणि भिंतीला टेकून बसले.

खोली बायकांनी भरली होती. डॉक्टरीणबाई होत्या, पाटलीणबाई होत्या, तेल बंद केलेल्या होत्या, सून स्वतः करते म्हणणाऱ्या होत्या. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांना वेळ लागला. फौजदारांनी लागू दिला.

“सुमनची घ्या सही,” त्या म्हणाल्या.

सुमनबाई उठल्या नाहीत. कागद हातात घेऊन म्हणाल्या, आधी वाचून दाखवा, सगळं. फौजदारांनी वाचलं. घर, गल्ली, महालक्ष्म्या, बाळाचं वर्णन, कुंचीचा रंग. पंगत खोळंबली होती, पुरणपोळ्या निवत होत्या. सदर बाळ गेल्या वर्षापासून ह्याच घरच्या मुलीकडे होतं, हे वाक्य आलं तेव्हा सुमनबाईंनी हात वर केला.

“हे परत वाचा. जरा मोठ्यानं.”

फौजदारांनी परत वाचलं, मोठ्याने. मग सुमनबाईंनी पेन घेतलं, एकेक अक्षर कोरून सही केली, पेन त्यांना परत दिलं, आणि ताट घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, “आता वाढा.”